सगळं जग गोव्यात मावेल का?

मावेल. फार दाटीवाटीही करावी लागणार नाही.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ३७० कोटी चौरस मीटर. जगाची लोकसंख्या सध्या ८२० कोटींच्या आसपास आहे. भागाकार केला की दर चौरस मीटरला २.२ माणसं येतात. दोन फूट बाय दोन फुटांच्या फरश्या डोळ्यांपुढे आणल्या, तर साधारण अडीच फरश्यांवर दोन माणसं. लग्नातल्या बुफेपुढे याहून जास्त गर्दी असते. अर्थात या हिशेबात मांडवी, जुवारी, खाजणं, सह्याद्रीचे कडे हे सगळं सपाट मैदान धरलं आहे. एवढ्या लोकांनी खायचं काय, पाणी कुठून आणायचं आणि सकाळी जायचं कुठे, हे विचारायचं नाही. प्रश्न फक्त मावण्याचा होता.

मुंबईकराला हाच प्रश्न विचारला तर तो गोव्यापर्यंत जाणारच नाही. रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा एक शब्दप्रयोग आहे. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, त्या अवस्थेचं हे नाव. १४ धरली, तर ८२० कोटी माणसांना ५८६ चौरस किलोमीटर जागा पुरते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ मिळून ६०३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे विरार फास्टमध्ये उभे राहतात तसे सगळे उभे राहिले, तर कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या टापूत अख्खी मानवजात मावते आणि वर सतरा चौरस किलोमीटर उरतात. ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांना द्यावेत. त्यांना या योजनेबद्दल कोणी विचारलेलं नव्हतं.

आता सगळे जमलेच आहेत, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा तो विचारतो आणि बहुतेक वेळा खाली बसवला जातो: सगळ्यांनी एकदम उडी मारली, तर पृथ्वी हलेल का?

लहान मुलं आणि मोठी माणसं मिळून सरासरी वजन ५० किलो धरलं, तर मानवजातीचं एकूण वजन ४१ कोटी टन होतं. पृथ्वीचं वस्तुमान याच्या सुमारे पंधरा लाख कोटी पट आहे. माणसं एक फूटभर वर गेली, तर क्रियेला प्रतिक्रिया या न्यूटनच्या नियमाने पृथ्वी खाली जाते, पण किती? हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाचे पाच हजार भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, तेवढी. बरं, माणसं खाली येताना ती परत वर येते, त्यामुळे जमाखर्च शून्य. २० जुलै २००६ हा ‘जागतिक उडी दिन’ म्हणून जाहीर झाला होता. ६० कोटी लोकांनी ठरलेल्या सेकंदाला उडी मारली तर पृथ्वीची कक्षा सरकेल आणि तापमानवाढ थांबेल, असं त्याचं आवाहन होतं. टॉर्स्टन लाउशमान या जर्मन कलाकाराने रचलेली ती थट्टा होती. पाटी-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसणाऱ्याला ती लगेच ओळखता आली असती.

उडीचा हा प्रश्न जगभर गाजवला तो रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने. १९८४ साली जन्मलेला मन्रो भौतिकशास्त्राचा पदवीधर. काही काळ त्याने ‘नासा’च्या लँगली संशोधन केंद्रात यंत्रमानवांवर काम केलं. ते काम संपल्यावर तो पूर्ण वेळ काडीच्या माणसांची व्यंगचित्रं काढू लागला. २०१२पासून तो लोकांच्या अचाट प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देऊ लागला आणि २०१४ साली त्या उत्तरांचं ‘व्हॉट इफ?’ हे पुस्तक आलं. त्याने जगाला जमवलं ते ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या सर्वांत लहान राज्यात. (गोवा भारतातलं सर्वांत लहान राज्य, हा योगायोग छान जुळतो.) उडीने काहीच होत नाही, हे मन्रो दोन-चार वाक्यांत उरकतो. पण तो तिथे थांबत नाही. उडी झाली, आता पुढे काय? एवढी माणसं घरी कशी जाणार? फोन बंद, रस्ते तुंबलेले, एका छोट्या विमानतळावर अब्जावधी प्रवासी. त्याच्या हिशेबाने उडीपेक्षा परतीचा प्रवासच मानवजातीचा घात करतो.

मुंबईच्या बाबतीतही तोच हिशेब मांडता येतो. उपनगरी रेल्वेने दिवसाला साधारण ७५ लाख प्रवासी जातात-येतात. त्याच वेगाने जमलेल्यांना बाहेर काढायचं म्हटलं, तर शेवटचा माणूस गाडीत चढेपर्यंत तीन वर्षं लागतील. तीही मेगाब्लॉक न धरता.

मन्रोचं खरं कौशल्य इथे दिसतं. प्रश्न कितीही वेडगळ असो, तो त्याला हसत नाही. हसू येतं ते उत्तर फार प्रामाणिक असल्यामुळे. त्याच्या सुरुवातीच्या एका प्रसिद्ध उत्तरात बेसबॉलचा चेंडू प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने फेकला जातो. चेंडूसमोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. हवेतल्या अणूंची केंद्रकं चेंडूतल्या केंद्रकांवर आदळून एकजीव होतात. चेंडू फलंदाजापर्यंत पोचतो तो तप्त वायूचा फुगता ढग होऊन, सेकंदाच्या सुमारे एक कोटी चाळीस लाखाव्या भागात. फलंदाजाच्या डोळ्यांना तोवर काहीच दिसलेलं नसतं. मग मैदान जातं आणि आसपासचा परिसरही. एवढं सगळं सांगून झाल्यावर मन्रो शांतपणे नियमपुस्तक उघडतो आणि निकाल देतो: चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागला आहे, सबब त्याला पहिल्या बेसवर जाण्याचा हक्क आहे.

क्रिकेटचा चेंडू जरा जड असतो, साधारण १६० ग्रॅमचा. त्याच वेगाने तो टाकला तर त्यातली ऊर्जा हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे ३०० पट भरते. वानखेडेवर हा प्रयोग केला तर दक्षिण मुंबई उरत नाही. नियमांचा प्रश्न मात्र बेसबॉलहून बिकट आहे, कारण चेंडू फलंदाजापर्यंत चेंडू म्हणून पोचलेलाच नसतो. पंचांनी ‘डेड बॉल’ द्यावा हे बरं, पण मृतांमध्ये एकटा चेंडूच नसेल.

हे हिशेब करायला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती अंदाज बांधण्याची सवय. या सवयीचा मोठा गुरू म्हणजे इटलीत जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा फर्मी सुमारे सोळा किलोमीटरवर उभा होता. स्फोटाची लाट पोचायला चाळीसएक सेकंद लागणार होते. लाट आली तेव्हा त्याने हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. ते अडीच मीटर सरकले. तेवढ्यावरून त्याने सांगितलं, स्फोट साधारण दहा हजार टन टीएनटीच्या तोडीचा असावा. नंतरच्या मोजमापात आकडा वीस हजारांच्या वर गेला. म्हणजे फर्मी चुकला, पण दुपटीने. लाखांत नाही, शेकड्यांत नाही. कागदाच्या कपट्यांकडून याहून जास्त काय मागायचं?

शिकागो विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना विचारायचा, या शहरात पियानो लावून देणारे किती असतील? पियानो आपल्याकडे फारसा नाही, तेव्हा प्रश्न बदलून घेऊ. मुंबईत केस कापणारे कारागीर किती? २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. त्यातले पुरुष आणि मुलगे सुमारे सदुसष्ट लाख. माणूस वर्षाकाठी आठ वेळा केस कापतो असं धरू. (टक्कल पडलेले आणि दर आठवड्याला सलूनमध्ये बसणारे एकमेकांत फिटले.) म्हणजे वर्षाला ढोबळमानाने पाच कोटी वेळा कात्री चालते. एक कारागीर दिवसाला बारा डोकी करतो आणि वर्षाला तीनशे दिवस काम करतो, म्हणजे ३,६०० डोकी. भागाकार चौदा हजारांच्या आसपास येतो. खरा आकडा दहा हजार असेल, पंचवीस हजारही असेल. पण तो पाचशे नाही आणि पाच लाख नाही, हे खुर्चीतून न उठता कळलं. एक अंदाज जरा जास्त, दुसरा जरा कमी असं होत चुका एकमेकींना खातात. फर्मीच्या पद्धतीचं इंगित एवढंच आहे.

इथे कोणाला बिरबल आठवल्याशिवाय राहणार नाही. बादशहाने विचारलं, नगरात कावळे किती? बिरबलाने पटकन एक नेमका आकडा ठोकून दिला. मोजल्यावर जास्त भरले तर बाहेरगावचे पाहुणे आले असतील आणि कमी भरले तर इथले पाहुणचाराला गेले असतील, असंही वर सांगितलं. गोष्ट पिढ्यान् पिढ्या हसवते आहे आणि हजरजबाबीपणात बिरबलाला तोड नाही. पण फर्मी आणि बिरबल ही एका जातीची माणसं नव्हेत. बिरबलाचं उत्तर कधीच चुकू शकत नाही, सगळे कावळे मोजले तरी नाही. फर्मीचं उत्तर चुकू शकतं, आणि ते कुठे चुकलं हेही दाखवता येतं: केस आठ वेळा नव्हे, बारा वेळा कापतात, कारागीर दिवसाला बारा नव्हे, वीस डोकी करतो. वेडगळ प्रश्नाला शास्त्रीय उत्तर द्यायचं म्हणजे आपली मान अशी पुढे करायची. ज्या उत्तरात ही सोय नाही ते विनोद म्हणून उत्तम असेल, पण विज्ञान म्हणून त्याची किंमत कावळ्याच्या पिसाएवढीच.

गृहीतकं उघड मांडायची, हा या खेळाचा दुसरा नियम. भौतिकशास्त्रज्ञ यावरून स्वतःचीच चेष्टा करतात. दूध कमी झालं म्हणून गोठ्याचा मालक एका भौतिकशास्त्रज्ञाकडे सल्ला मागायला जातो. तो बरेच दिवस आकडेमोड करून सांगतो, उपाय सापडला आहे, मात्र तो फक्त निर्वात पोकळीतल्या गोल गायींना लागू पडतो. या विनोदावरून ‘गोल गाय’ हा शब्दच विज्ञानात रूढ झाला. वर गोव्याचं सपाट मैदान केलं, तीही एक गोल गायच.

कधीकधी असा प्रश्न हसवून झाल्यावर खरोखरच काही शिकवून जातो. १९२६ साली जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या आकारावर एक निबंध लिहिला. पुढे हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. निबंधात त्यांनी बालपणीच्या पुस्तकातले साठ फुटी राक्षस घेतले. आपल्याला आजीच्या गोष्टीतला राक्षस चालेल. तो माणसाच्या दसपट उंच, तर दसपट रुंद आणि दसपट जाडही असणार. म्हणजे वजन दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार पट. पण वजन पेलणाऱ्या हाडाचा छेद फक्त शंभर पट वाढतो. हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर माणसाच्या दसपट भार येतो, आणि माणसाच्या मांडीचं हाड साधारण तेवढ्याच भाराला मोडतं. म्हणजे राक्षसाने पहिलं पाऊल टाकलं की कडाडकन् तंगडी मोडून तो बसणार. राजकन्येला सोडवायला राजपुत्राची गरज नाही, हाडवैद्याची आहे.

हाच नियम उलटा धरला की मुंगीचं कौतुक कमी होतं. ती वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, पण ताकदवान आहे म्हणून नव्हे. ती लहान आहे म्हणून. फुगवून माणसाएवढी केली तर तिला स्वतःचंच शरीर पेलणार नाही. हॉल्डेन सांगतात, हजार यार्ड खोल खाणीत उंदीर टाकला आणि तळाशी मऊ जमीन असली, तर तो जरासा हबकतो आणि चालू लागतो, कारण वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा आणि हवेचा अडसरही मोठा. माणूस त्यातून वाचत नाही. घोड्याचं काय होतं ते हॉल्डेन एका शब्दात सांगतात. जेवताना वाचण्यासारखा तो शब्द नाही.

प्रश्न जितका भीतीदायक, तितकं त्याचं उत्तर कधीकधी अनपेक्षित निघतं. अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन खोल पाण्याच्या टाकीत थंड करायला ठेवतात. त्या टाकीत पोहलं तर? मन्रोच्या उत्तराचा गाभा एका आकड्यात आहे. दर सात सेंटिमीटर पाण्यामागे किरणोत्सार निम्मा होतो. सत्तर सेंटिमीटरवर तो हजारावा हिस्सा उरतो. दोन मीटरवर सुमारे चाळीस कोटींतला एक हिस्सा. इंधन याहून कितीतरी खोल असतं. त्यामुळे वरच्या वर हात मारणाऱ्याला रस्त्यावरून चालणाऱ्यापेक्षाही कमी किरणोत्सार मिळू शकतो, कारण रस्त्यावर जमिनीतून आणि आकाशातून येणारे किरण असतात आणि पाणी तेही अडवतं. तळाशी जाऊन इंधनाच्या नळ्यांना हात लावला तर मात्र खेळ खलास. अशा भट्टीवर काम करणाऱ्या मित्राला मन्रोने हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, पाण्यापर्यंत पोचण्याआधीच पहारेकऱ्यांच्या गोळीने मरशील. ट्रॉम्ब्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी याच पद्धतीची होती. गाभा पाण्यात टांगलेला. तांत्रिक भाषेत त्या प्रकाराला ‘स्विमिंग पूल’ भट्टी असंच म्हणतात, पण पोहायला मनाई आहे हे सांगायला नको.

गंभीर नियतकालिकंही या खेळातून सुटलेली नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ दर नाताळात काही उनाड संशोधन छापतं. २००३ साली दोघा डॉक्टरांनी तिथे दाखवलं, की विमानातून उडी मारताना पॅराशूट जीव वाचवतं याचा एकही रीतसर वैद्यकीय चाचणीतला पुरावा नाही. कारण अर्ध्या लोकांना पॅराशूटशिवाय ढकलायची चाचणी कोणी केलेलीच नाही. २०१८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या एका गटाने ती केली. २३ जणांनी उड्या मारल्या. काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर रिकामी पिशवी. निष्कर्ष असा, की पॅराशूटने इजा किंवा मृत्यू यांत काहीही फरक पडत नाही. लेखाच्या आत शिरलं की कळतं, विमान जमिनीवर उभं होतं आणि उडीची सरासरी उंची ०.६ मीटर होती. विनोद म्हणून हा झकास आहेच. पण एखाद्या औषधाच्या चाचणीचा फक्त सारांश वाचून छातीठोक बोलणाऱ्यांना दिलेली चपराक त्याहून झकास आहे. चाचणी काटेकोर असली तरी ती कोणावर केली, हे विचारल्याशिवाय तिचा उपयोग शून्य.

२००५ साली त्याच नियतकालिकात मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चहाच्या चमच्यांवर निबंध लिहिला. संस्थेतले चमचे सतत गायब व्हायचे. त्यांनी ७० चमच्यांवर गुपचूप खुणा केल्या आणि ते आठ चहाघरांत ठेवून दिले. पाच महिन्यांत ५६ चमचे गेले. किरणोत्सारी पदार्थांची मोजतात तशी चमच्यांची अर्धायु काढली, ती आली ८१ दिवस. जे चहाघर सर्वांचं, तिथले चमचे लवकर जातात आणि जे एका विभागाचं, तिथले जरा उशिरा, असंही दिसलं. सोसायटीच्या सामाईक नळाची तोटी का टिकत नाही, याला एवढा नेटका पुरावा दुसरा मिळणार नाही.

अशा संशोधनाला १९९१ साली अमेरिकेत सुरू झालेले ‘इग नोबेल’ पुरस्कार दरवर्षी मिळतात. आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं, असं काम त्यासाठी निवडतात. भारतीयांनीही तिथे हजेरी लावली आहे. २००१चा पुरस्कार बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधल्या दोघा डॉक्टरांना मिळाला. शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी नाकात बोट घालतात, हे त्यांनी सर्वेक्षण करून सिद्ध केलं होतं. पुढच्या वर्षी केरळ कृषी विद्यापीठातल्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांचा नंबर लागला. त्यांनी हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढायचं सूत्र बसवलं. हत्तीला गुंडाळून कागद कापायची गरज नाही, उंची आणि पुढच्या पायाचा घेर एवढ्यावर काम भागतं. ऐकून हसू येतं. पण प्राणी किती उष्णता बाहेर टाकतो हे ठरवायला कातडीचं क्षेत्रफळ लागतं, आणि पाळलेल्या हत्तीच्या डॉक्टरला हा आकडा हवाच असतो.

हत्तीचाच आणखी एक आकडा, २१ सेकंद. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणीसंग्रहालयात जाऊन प्राण्यांची लघवी मोजली. तीन किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना त्यासाठी साधारण सारखाच वेळ लागतो. हत्तीचं मूत्राशय अठरा लिटरचं, पण मूत्रनलिकाही मीटरभर लांब. नळ जितका उंचावरून येईल तितकी धार जोरात, हे चाळीतल्या तळमजल्याला माहीत असतं. त्याच कारणाने मोठी टाकीही लहान टाकीइतक्याच वेळात रिकामी होते. २०१५ साली या कामाला इग नोबेल मिळालं.

फ्रान्सच्या मार्क-अँटोइन फार्दाँने मांजर घन की द्रव, हा प्रश्न घेतला. द्रव भांड्याचा आकार घेतो आणि मांजर बरणीत, वाडग्यात, वॉशबेसिनमध्ये बसलं की तेच करतं. उत्तर असं निघतं, की किती वेळ वाट पाहता त्यावर ते अवलंबून आहे. क्षणभर पाहिलं तर घन, तासभर पाहिलं तर द्रव. डांबर, बर्फाच्या नद्या आणि डोंगर यांना लागणारं तेच गणित त्याने मांजराला लावलं. आंद्रे गाइमने १९९७ साली नेदरलँड्समध्ये जबरदस्त चुंबकावर जिवंत बेडूक तरंगवला, त्याला २०००चं इग नोबेल मिळालं. दहा वर्षांनी ग्राफीनच्या शोधासाठी त्याच गाइमला खरं नोबेल मिळालं. बेडकाचा आणि ग्राफीनचा थेट संबंध नाही. पण दोन्ही कामं शुक्रवारच्या फावल्या वेळात, कोणी सांगितलेलं नसताना सुरू झाली होती.

हे सगळं आजचं वेड वाटत असेल, तर बावीसशे वर्षं मागे जावं लागेल. सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा गेलॉन याला आर्किमिडीजने एक निबंध लिहून दिला. प्रश्न असा, की सगळं विश्व वाळूने भरायचं तर किती कण लागतील? लोक म्हणत, असंख्य. आर्किमिडीजला ‘असंख्य’ हा शब्दच मान्य नव्हता. अडचण अशी, की ग्रीक भाषेत दहा हजारांच्या वर संख्येला नावच नव्हतं. म्हणून त्याने आधी मोठ्या संख्या लिहायची नवी पद्धत रचली आणि मग मोजायला बसला. उत्तर आलं, एकावर त्रेसष्ट शून्यं यांहून कमी.

विश्व किती मोठं धरायचं, यासाठी त्याने अ‍ॅरिस्टार्कस नावाच्या गणितज्ञाचं मत घेतलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं म्हणणारा हा माणूस. त्याचं या विषयावरचं मूळ लिखाण हरवलं. कोपर्निकसच्या अठराशे वर्षं आधी कोणीतरी सूर्य मध्यभागी ठेवला होता, हे आज आपल्याला मुख्यतः कळतं ते वाळू मोजण्याच्या या उद्योगामुळे.

आणि वाळूचा एक कण मोजायचा कशाने? आर्किमिडीजने खसखस घेतली. खसखशीच्या एका दाण्यात वाळूचे दहा हजारांहून जास्त कण मावणार नाहीत, असं धरलं. मग पट्टीवर दाणे एका ओळीत लावून पाहिले. पंचवीस दाण्यांतच बोटाची रुंदी ओलांडली गेली. तरी उत्तर चुकून कमी भरू नये म्हणून त्याने पंचवीसऐवजी चाळीस धरले. दिवाळीत अनारशांसाठी खसखस काढाल, तेव्हा एक ओळ पट्टीशेजारी लावून बघा. पंचवीस दाण्यांत बोट संपलं नाही, तर आपली खसखस बारीक की आपलं बोट जाड, हे घरातल्या घरात ठरवा.